नळ गेल्यावरचं पाणी

मोहाडी तांड्यात रुपीबाईच्या नळाचं सगळ्यांना कौतुक होतं आणि थोडी जळजळही होती.

तांडा टेकडीच्या उतारावर वसलेला. वर माळावर पाण्याची टाकी, खाली नाला, आणि मधून उतरत गेलेला नळयोजनेचा पाईप. पाईपाच्या दोन्ही अंगांना घरं. नळ यायचा एक दिवसाआड. पाणी सोडायच्या कामावरचा पिंटू टाकीजवळचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि सगळा तांडा हंडे-बादल्या घेऊन धावायचा. पाण्याला जोर नव्हता. म्हणून पहिल्या वर्षीच कुणीतरी अंगणात गुडघाभर खड्डा खणून नळ खाली पाईपाच्या बरोबरीला नेला. त्याचं पाणी वाढलं, शेजाऱ्याचं तुटलं. मग शेजाऱ्यानं कमरेइतका खणला. असं होत होत तांड्यात जमिनीच्या वर एकही नळ उरला नाही. बायका खड्ड्यात उतरायच्या, हंडा भरायच्या आणि वर उभ्या असलेल्या पोरीच्या हातात द्यायच्या. तोटी कुणाच्याच नळाला नव्हती. तोटीनं धार बारीक होते, हे सगळ्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं.

रुपीबाईचं घर सगळ्यांत खाली, नाल्याच्या काठाला. टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद झाला, वरच्या बायका भांडी आत नेऊ लागल्या, तरी तिच्या खड्ड्यात करंगळीएवढी धार चालूच राहायची. चांगली घटकाभर. गर्दी नाही, भांडण नाही. त्या धारेखाली ती शांतपणे दोन हंडे लावायची. ते हंडे मैनाबाईचे.

मैनाबाई समोरच्या घरात एकटी राहायची. नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही. वय इतकं झालेलं की खड्ड्यात उतरणं तिच्या गुडघ्यांना जमत नव्हतं. ती खड्ड्याच्या काठावर बसायची, चिमूटभर तंबाखू दाढेखाली धरायची आणि हंडा भरेपर्यंत साऱ्या तांड्याची उणीदुणी काढायची. घरात बंजाऱ्यांची गोरबोली बोलणाऱ्या या दोघी भांडायच्या मात्र वऱ्हाडीत. "वऱ्हाडीत भांडलं म्हंजे मनाले लागत नाही," असं मैनाबाईचं म्हणणं.

"तुह्या नळाले देवाचा हात हाय वं रुपी," ती म्हणायची. "साऱ्यायचं सरलं, तुहं सुरूच."

रुपीबाईला ते ऐकायला आवडायचं.

पोळा जवळ आला होता. कापसाची पऱ्हाटी पात्यावर, कळ्यांवर आली होती. त्या आठवड्यात पावसानं नुसती झोड उठवली आणि पाऊस उघडला त्या सकाळी राखीला उलटी झाली. राखी म्हणजे रुपीबाईची सून. पोटुशी होती, सहावा महिना. अशा दिवसांत होतंच, म्हणून रुपीबाईनं लिंबू-साखरेचं पाणी दिलं. पण थोड्या वेळानं राखीला जुलाब सुरू झाले आणि ती परसातून भिंतीला धरून आली ती दारातच बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"राजकुमार, ऑटो काढ!" रुपीबाईनं मुलाला हाक मारली आणि सोबतीला मैनाबाईला बोलवायला समोर धावली. दार नुसतं लोटलेलं. आत मैनाबाई जमिनीवर पडलेली. अंगाखालचा जमखाना भिजलेला, डोळे खोल गेलेले. रुपीबाईनं तिचा हात धरला, तर कातडी चिमटीत आली ती तशीच उभी राहिली.

"कवापासून वं?"

"कालपासून," मैनाबाई पुटपुटली. "तुले कायले तरास द्यावा म्हटलं."

दोघींना एकाच ऑटोत घातलं. दिग्रसचा रस्ता पावसानं उखडलेला. राखी आईच्या मांडीवर डोकं ठेवावं तशी सासूच्या मांडीवर पडली होती. मैनाबाई समोरच्या कडेला टेकून बसली होती आणि अधूनमधून एकच शब्द बोलत होती, पाणी. रुपीबाईनं बाटलीचं बूच काढलं आणि तिच्या तोंडाला थेंबथेंब पाणी लावलं. घरूनच भरून आणलेलं, कालच्या हंड्यातलं. दिग्रसच्या जिनिंग कारखान्याची धुराडी दिसायला लागली तेव्हा मैनाबाईनं पाणी मागणं बंद केलं.

दवाखान्यात राखीला सलाईनवर सलाईन चढलं. पोटातलं लेकरू हालतंय, असं नर्सनं सांगितलं तेव्हा राजकुमार व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडला. मैनाबाईला सलाईन लावायची वेळच आली नाही.

तांड्यात आणखीही माणसं पडली. कुणी गावातल्या उपकेंद्रात गेलं, कुणी दिग्रसला. मैनाबाईला माती दिली तिचा पुतण्या रामधन यानं. रामधनचं घर उतारावर मध्यावर, पक्कं, स्लॅबचं. दारात ट्रॅक्टर. नळाच्या खड्ड्यात त्यानं पाणी ओढायला टिल्लू मोटर बसवली होती. ती सुरू झाली की वरच्या-खालच्या दोन-चार घरांच्या धारा बारीक व्हायच्या, पण त्याला कोण बोलणार? तांड्याच्या नाईकाखालोखाल त्याचाच शब्द चालायचा. आणि माणूस वाईट नव्हता. मैनाबाईच्या घरी ज्वारीचं पोतं दरवर्षी त्याच्याच घरून यायचं.

सगळ्यांनी टाकीला दोष दिला. टाकी रिकामी केली, घासली, ब्लिचिंग टाकलं. दोन वेळा नळाला दवाखान्यासारखा वास आला. लोकांना वाटलं, मिटलं. मग पुन्हा खालच्या ओळीतल्या दोन घरांत जुलाब सुरू झाले.

उपकेंद्राची डॉक्टरीण अनघा तेव्हा तांड्यात घरोघर फिरत होती. यवतमाळची मुलगी, वडील कोर्टात नोकरीला. नवीन होती, पण बुटांत चिखल गेला तरी तक्रार करत नव्हती. क्षाराच्या पुड्या वाटत, कोण कधी आजारी पडलं ते विचारत ती खालपर्यंत आली. रुपीबाईच्या नळाच्या खड्ड्याशी थांबली, वाकून पाहिलं. खड्ड्याच्या तळाला गढूळ पाणी साचलेलं, नळाचं तोंड त्याच्या वीतभर वर.

"मावशी," ती म्हणाली, "आजारी पडलेली घरं सगळी रामधनभाऊंपासून खालची आहेत. वरच्या अंगाला एकही नाही. टाकीचं पाणी वाईट असतं तर वरचेही पडले असते."

"मंग?"

"पाणी बंद झालं की पाईपातलं उरलेलं पाणी उताराकडे जातं. खाली एखादा नळ उघडा असला की त्यातून बाहेर पडतं. आणि ते जाताना वरच्या खड्ड्यांत जे काही साचलंय, बुडालेल्या नळांच्या तोंडातून तेही आत ओढून घेतं. पुढच्या वेळी नळ आला की तीच घाण खालच्या सगळ्या घरांत जाते. नळ गेल्यावरही तुमच्याकडे धार चालू राहते, असं राखी सांगत होती."

रुपीबाईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिची कानशिलं तापली.

"म्हंजे माह्या नळाच्या पाण्यानं मैनाबाई गेली म्हणता?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणून राह्यल्या तुमी."

अनघानं क्षाराच्या पुड्या दारात ठेवल्या. रुपीबाईनं तिला बस म्हटलं नाही, चहाही विचारला नाही. ती गेल्यावर दवाखान्यातून परतलेली सून, जी सासूला आई म्हणूनच हाक मारायची, म्हणाली, "याडी, त्या खरं बोलत असतीन तं?" रुपीबाईनं चुलीतलं लाकूड उगाचच मागं-पुढं केलं.

पण ते बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. पुढच्या वेळी नळ गेला तेव्हा ती सवयीनं खड्ड्यात उतरली. मैनाबाई नव्हती, तरी हात हंड्याकडे गेले. वर बाकीचे नळ गप्प झाले होते. तिची करंगळीएवढी धार चालू होती. हंडा निम्मा भरला तेव्हा तिला पाण्याचा रंग वेगळा वाटला. तिनं ओंजळ धरली. पाणी गुलाबी होतं. अगदी फिकं, पण गुलाबी.

ती तशीच ओल्या पायानं वर निघाली. प्रत्येक अंगणात वाकून खड्डा पाहत गेली. बायका विचारत होत्या, "काय हारपलं वं रुपी?" ती पुढच्या अंगणाकडे वळत होती. रामधनच्या अंगणात ती थांबली. तिथं नळाच्या खड्ड्याला लागूनच दगडावर त्याची बायको लेकीचे नवे कपडे खंगाळत बसली होती. तिजेच्या सणासाठी शिवलेला लालभडक फेटिया, म्हणजे घागरा, पहिल्याच धुण्याला रंग सोडत होता. लाल पाणी ओघळून खड्ड्यात जात होतं. आणि खड्ड्यात बुडालेल्या नळाच्या तोंडाशी पाणी हळूहळू फिरत होतं, गुळगुळ आवाज करत आत जात होतं.

रुपीबाईची नजर तिथून हलेना. फेटियाच्या रंगानं तिला भीती वाटली नव्हती. भीती वाटली ती दगडापलीकडे पाहून. पलीकडे रामधनच्या संडासाचं टाकं होतं. पावसानं ते तुडुंब भरलेलं, झाकणाच्या फटीतून काळं पाणी झिरपत होतं. त्या पाण्याची ओली रेघ गोठ्याच्या कडेनं येऊन त्याच खड्ड्यात उतरली होती.

ती घरी आली आणि परसात गेली. मग भिंतीला टेकून बसली. किती दिवस, किती हंडे. मैनाबाई काठावर बसून म्हणायची, देवाचा हात हाय. आणि ऑटोत ती पाणी पाणी करत होती तेव्हा आपण तिच्या तोंडाला काय लावलं?

राखी बाहेर आली आणि तिच्याजवळ बसली. रुपीबाईनं तिला सगळं सांगितलं. मग तोंड धुतलं, पदर खोचला आणि नाईकांकडे गेली.

नाईक उत्तमसिंग म्हातारे झाले होते, पण अजून तांड्याची बैठक त्यांच्याच शब्दावर बसायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेवालाल महाराजांच्या देवळासमोर माणसं जमली. बायका एका बाजूला. अनघालाही बोलावणं गेलं होतं, तिनं तिच्या परीनं समजावून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि ते तंबाखू मळत राहिले. मग नाईक म्हणाले, "बोल वं रुपी."

रुपीबाई उभी राहिली. इतक्या माणसांत ती कधी बोलली नव्हती.

"मैनाबाईले पाणी मी भरून देत होती," ती म्हणाली. "नळ गेल्यावरचं. मले वाटे, माह्या नळाले बरकत हाय. ते पाणी टाकीचं नव्हतंच. वरच्या खड्ड्यायतलं वढून येत होतं. रामधनच्या घरी फेटिया धुतला, त्याचा रंग माह्या हंड्यात आला. म्या ह्या डोयानं पाह्यला."

रामधन ताडकन उठला. "भाभी, काकीले म्या माती देल्ली. अन् तू चारचौघांत सांगून राह्यली का माह्या घरच्या घाणीनं मेली ते?"

"तुह्या खड्ड्यातून आलं, माह्या नळातून गेलं. दोघायचाबी हात लागला. मी एकट्या तुले नाही म्हणत."

"पाईपाचा गंज असन तो!"

"गंज गुलाबी असते काय गा?"

बायकांच्या बाजूला हशा पिकला. रुपीबाईला तो ऐकूनच कळलं की चुकलं. रामधनचा चेहरा कठोर झाला. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि बैठकीतून निघून गेला. त्याच्यामागे त्याच्या बाजूचे आणखी काही. बैठक मोडली. नाईक काठी टेकत उठले आणि जाता जाता तिला म्हणाले, "खरं असन तुहं. पण हासू आलं तिथी माणूस ऐकत नाही पोरी."

घरी आल्यावर तिनं राजकुमारला सांगितलं, "उद्या मुरूम आण. आपला खड्डा बुजवाचा हाय. नळ वर घ्याचा, तोटी लावाची."

"आपुनच कायले पहिले?" राजकुमार चिडला. "बाकीचे खड्डे ठेवतीन अन् आपलं पाणी पितीन. वरून हासतीन. म्हशीले काय पाजू?"

"हासू दे."

"याडी, साऱ्यायनं केलं तं मीबी करतो. एकट्यानं करून काय होते?"

खाटेवर पडलेली राखी उठून बसली. दवाखान्यातून आल्यापासून तिच्या आवाजात जोर नव्हता. "तुमी नोका करू," ती म्हणाली. "मी अन् याडी करतो. टोपलं उचलता येते मले."

राजकुमार तिच्या पोटाकडे पाहत राहिला. सकाळी तो फावडं घेऊन बाहेर पडला.

खड्डा बुजला. पाईपातून वर काढलेला नळ गुडघाभर ओट्यावर आला, त्याला पितळी तोटी बसली. रुपीबाईनं स्वतः सिमेंटचा हात फिरवला. नळ आला तेव्हा धार खरोखरच बारीक झाली होती. शेजारची खड्डेवाली घरं आधी भरत होती, मग तिच्याकडे पाणी येत होतं. ज्या नळाचं तांड्याला कौतुक होतं तिथं आता एक हंडा भरायला ताटकळावं लागे. आणि व्हॉल्व्ह बंद झाला की ती तोटी पिळून गच्च बंद करायची. येणारे-जाणारे विचारायचे, "कावं, बरकत बंद केली काय?" ती म्हणायची, "हो, केली." म्हशीसाठी राजकुमार ऑटोतून शेतातल्या विहिरीचे कॅन आणायला लागला. प्यायचं पाणी उकळून घ्यायचं, म्हणून सरपण दुप्पट लागायला लागलं. राखीला रुपीबाई उकळल्याशिवाय घोटभरही पिऊ देत नव्हती.

अनघा पुन्हा आली तेव्हा रुपीबाईनं आधी खाट टाकली. "त्या दिवशी चा नाही देल्ला तुमाले," ती म्हणाली. "आता दोन कप प्या."

अनघा हसली. ओट्यावरचा नळ पाहून आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "पण मावशी, तुमचा नळ बंद असला तरी मधले बाकीचे उघडेच आहेत. धोका गेलेला नाही."

"मले मालूम हाय. म्हून तं मी रोज एका घरी जाऊन बसून राह्यली."

खरंच ती जात होती. कापसातलं निंदण संपवून घरी आली की हातपाय धुऊन एका घरात. भांडायला नाही. बसायची, भाकरीचा तुकडा खायची, मैनाबाईची आठवण काढायची आणि उठताना सांगायची, खड्डा बुजव. काही बायका हो म्हणत होत्या, पण त्यांचे नवरे रामधनकडे बोट दाखवत होते. त्यानं मोटर काढली तर आम्ही खड्डा बुजवू. रामधनच्या घरी मात्र तिचं पाऊल पडत नव्हतं. त्याची बायको वाटेत भेटली तर तोंड फिरवत होती.

मग एक सकाळ अशी उगवली की तांड्याच्या खालच्या अर्ध्या भागात एकच ओरडा झाला.

पिंटूनं व्हॉल्व्ह उघडला आणि रामधनच्या घराखाली जेवढे नळ होते तेवढ्यांना पहिलं पाणी हिरवं आलं. गवतासारखं हिरवं. एका बाईनं खड्ड्यातून हंडा वर दिला आणि वरच्या पोरीनं किंचाळून तो टाकून दिला. "जहर! पाण्यात जहर टाकलं!" माणसं काठ्या घेऊन बाहेर आली. कुणी पिंटूची गचांडी धरायला टाकीकडे निघालं. पिंटू बिचारा रडकुंडीला येऊन शपथा घेत होता.

रुपीबाईनं आपली तोटी उघडली होती. बादलीत हिरवं पाणी पडत होतं. ती दचकली, मग बादलीत बोट बुडवून पाहिलं. बोट हिरवं झालं. तिनं तोटी बंद केली आणि उतार चढायला लागली. माणसं तिला ओलांडून पुढे पळत होती. तिला दम लागत होता, पण ती टाकीकडे गेली नाही. रामधनच्या अंगणात वळली.

रामधन नळाच्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला होता. हाताची बोटं मनगटापर्यंत हिरवी. शेजारी होळीच्या रंगाची फाटलेली पुडी पडली होती.

"आलं काय?" त्यानं विचारलं.

"आलं."

"तुह्यापर्यंत?"

"तोटीतून आलं. हिरवंगार."

त्यानं मान खाली घातली. "परवा नळ गेला तवा टाकला. माह्या डोयासमोर आत वढत गेला. मले वाटलं, जाते कुठी, इथीच जिरन." तो थांबला. "काकी मेली तवा म्या देवाले दोष देल्ला, भाभी. टाकीले देल्ला. साऱ्यायले देल्ला."

रुपीबाई त्याच्याशेजारी बसली. तिच्यापाशी त्याला द्यायला मोठे शब्द नव्हते. "मी तं तिच्या तोंडाले लावलं रे बापू," ती म्हणाली. "शेवटचं."

तेवढ्यात माणसं परत फिरली. कुणाला तरी हिरव्या हातांची बातमी लागली होती. अंगणात गर्दी झाली. काठ्या होत्या, शिव्या होत्या. रामधन उठून उभा राहिला. रुपीबाई त्याच्यापुढे उभी राहिली.

"जहर नाही," ती ओरडली. "रंग हाय, होळीचा. ज्यानं टाकला त्याले पाहाचं होतं का खरं काय ते. तुमी कोणी पाह्यलं काय? त्यानं पाह्यलं."

मग रामधन बोलला. "रंग म्याच टाकला. माह्या खड्ड्यात. अन् तुमच्या घरात निंगाला. ज्यायचे लेकरं दवाखान्यात होते त्यायनं मले काय म्हणाचं ते म्हणा." तो खड्ड्यात उतरला, मोटरचा पाईप हिसकून काढला, मोटर उचलून बाहेर ठेवली आणि वर आला. "अन् मंग मुरूम टाकाले या."

कुणी काही म्हटलं नाही असं नाही. एक बाई पुष्कळ बोलली. तिचा नातू दवाखान्यात राहून आलेला. रामधननं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. पण दुपारी त्याचा ट्रॅक्टर मुरूम भरून आला, तो आधी त्याच्याच दारात रिकामा झाला आणि मग घराघरांसमोर. त्या दिवशी अर्धे खड्डे बुजले. संडासाचं टाकं उपसायला दिग्रसहून गाडी आली. राजकुमारनं तोट्यांची पिशवी आणली. कुणाला नळ कसा वर घ्यायचा ते तोच आता शहाण्यासारखा सांगत फिरत होता. नाईकांनी आपला खड्डा बुजवताना स्वतः पहिलं टोपलं टाकलं.

त्यानंतर सारं सुरळीत झालं असं मात्र नव्हे. खड्डे गेले तसं टाकीच्या अगदी जवळच्या, चढावरच्या घरांना पाणी कमी पडायला लागलं. उताराकडे सगळं ओढलं जायचं. "आमचं पाणी तोडून तुमी चांगले झाले," तिथल्या बायका खाली येऊन भांडल्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. एका घरानं रागानं पुन्हा खड्डा खणला. रुपीबाई त्या घरी गेली, तर दार तोंडावर लावलं गेलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आपल्या नळाचा हंडा डोक्यावर घेऊन तो चढ चढली आणि त्यांच्या दारात ठेवला. "हा घेय. पण नळ वर घेय. मी रोज आणून देईन, पाणी पुरे होयेपर्यंत."

ती देत राहिली. काही दिवसांनी त्या घरची सूनच खाली येऊन तिच्या हातातून हंडा घेऊ लागली. तिथला खड्डाही एके दिवशी बुजला. पण रुपीबाईला कळत होतं की डोक्यावरच्या हंड्यानं तांड्याचा चढ मिटणार नाही. वरच्या घरांना वेगळी लाईन पाहिजे, वेगळा व्हॉल्व्ह पाहिजे, म्हणजे पिंटू आधी वर सोडेल, मग खाली. हे अनघानं सांगितलं आणि अर्जही तिनंच लिहून दिला. पावसाळा सरेपर्यंत तांड्यात पुन्हा जुलाबानं कुणी पडलं नव्हतं, हेही तिनं त्यात लिहिलं.

अर्ज घेऊन दिग्रसला पंचायत समितीत तिघं गेली. रुपीबाई, रामधन आणि चढावरच्या घरांतली ती भांडणारी बाई. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी कागद वाचला, बाजूला ठेवला. म्हणाले, पाहू. पुढच्या महिन्यात या.

पुढच्या महिन्यात गेली तर साहेब मीटिंगला. त्याच्या पुढच्या वेळी सांगण्यात आलं की फाईल यवतमाळला पाठवली आहे. चौथ्या खेपेला राखीही सोबत होती, छातीशी तिची तान्ही पोरगी. रामधन कंटाळला होता. "चाल भाभी, जाऊ. हे लोक काही करत नाहीत."

साहेब टेबलावरचे कागद आवरत होते. जेवणाची सुट्टी व्हायची होती.

"साहेब," रुपीबाई म्हणाली, "तुमी जेवून या."

"म्हणजे?"

"जेवून या. आमी इथीच बसलो हाओत. तुमी आले का मंग फाईल कुठी गेली ते पाहू."

तिनं पदराखालून भाकरीचं फडकं काढलं, व्हरांड्यातल्या बाकावर सोडलं आणि चढावरच्या बाईला जवळ बोलावलं. राखीनं पोरीला मांडीवर घेतलं. रामधन थोडा वेळ उभाच होता, मग तोही येऊन बसला आणि त्यानं कांदा फोडला.

साहेब जेवून परत आले तेव्हा ती चौघं तिथंच होती. त्यांनी यवतमाळला फोन लावला.